कीक्लोकला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी जोडताना: जोडणी डिलीट करण्याआधी हे वाचा

कीक्लोक म्हणजे अनेक अ‍ॅप्लिकेशन्सना एकच लॉगिन देणारा सर्व्हर, आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी) म्हणजे कंपनीतल्या माणसांची खाती आणि पासवर्ड ठेवणारी मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी. नव्या माणसाकडे हे दोन्ही जोडायचं काम बहुतेक वेळा एका ओळीत येतं: "कीक्लोक उभा कर आणि आपल्या एडीला जोडून दे." उभा करायला अर्धा तास लागतो, जोडायला आणखी अर्धा. खरं नुकसान होतं ते त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, जेव्हा सात-आठ अ‍ॅप्लिकेशन्स याच लॉगिनवर आलेली असतात. टोकन म्हणजे काय, एलडॅपमध्ये (डिरेक्टरीशी बोलायच्या भाषेत) डीएन, म्हणजे नोंदीचा पूर्ण पत्ता, कसा लिहितात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जाऊ.

डिरेक्टरीत शोधायला कीक्लोकला एक बाइंड खातं (डिरेक्टरीत लॉगिन करायचं खातं) लागतं. तिथे डोमेन अ‍ॅडमिनचं खातं देऊ नका. "आत्ता चालवून घे, नंतर बदलू" असं सीनियरने सांगितलं तरी देऊ नका, कारण ते "नंतर" येत नाही. फक्त वाचायचं असेल तर साधं डोमेन खातं पुरतं. पण त्याच्या पासवर्डची मुदत आधी तपासा. डोमेनच्या मूळ धोरणात पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो, म्हणजे दीड महिना सगळं सुरळीत चालतं आणि मग एका सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही. लॉगमध्ये एलडॅपचा एरर कोड ४९ दिसतो. नुसता ४९ बघून पासवर्ड बदलत बसू नका. त्याच ओळीत पुढे "डेटा" या शब्दानंतर जे लिहिलेलं असतं ते वाचा. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५२५ म्हणजे असं खातंच नाही, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद केलंय, ७७३ म्हणजे पासवर्ड बदलणं सक्तीचं आहे, ७७५ म्हणजे खातं लॉक झालंय. हे सहा कोड पाठ असले की निम्म्या तक्रारी पाच मिनिटांत सुटतात.

जोडणी पोर्ट ६३६ वर, एनक्रिप्शनसकट करा. पत्त्यात आयपी लिहू नका. डोमेन कंट्रोलरच्या (एडी चालवणाऱ्या सर्व्हरच्या) सर्टिफिकेटवर जे पूर्ण नाव आहे तेच लिहा, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवात) तुटतो. आणि ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासातल्या सर्टिफिकेटांच्या साठ्यात) त्या कंट्रोलरचं स्वतःचं सर्टिफिकेट नाही, तर ते ज्याने दिलं त्या रूट प्राधिकरणाचं टाका. कंट्रोलरचं सर्टिफिकेट साधारण वर्षभराचं असतं आणि आपोआप नवं होतं. तेच टाकलेलं असेल तर ते बदलेल त्या दिवशी लॉगिन बंद पडेल. कीक्लोकच्या आवृत्ती २४ पासून "कॉन्फ" फोल्डरमधल्या "ट्रस्टस्टोअर्स" मध्ये फाइल ठेवली की पुरतं. जुने व्हिडिओ बघून काम करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की २०२२ च्या आवृत्ती १७ मध्ये कीक्लोक ज्यावर चालतो ते वाइल्डफ्लाय जाऊन क्वार्कस आलं आणि पत्त्यातला मूळचा "ऑथ" हा तुकडाही गेला. त्याआधीच्या व्हिडिओतले पत्ते आणि फाइली शोधण्यात दिवस घालवू नका.

पहिल्या सिंकआधी (एडीतली माणसं कीक्लोकमध्ये आणण्याआधी) काही गोष्टी ठरवून टाका. सर्च स्कोप (डिरेक्टरीत किती खोल शोधायचं) मुळात एकाच पातळीचा असतो. माणसं विभागवार ओयूंमध्ये (डिरेक्टरीतल्या फोल्डरांमध्ये) असतील तर तो सबट्री (खालच्या सगळ्या पातळ्या) करा, नाहीतर शून्य युजर येतील आणि दोष बाइंड खात्याला दिला जाईल. एडी एका उत्तरात १००० च नोंदी देते, म्हणून पेजिनेशन (उत्तर तुकड्यांत मागवणं) चालू ठेवा. एडिट मोड "रीड ओन्ली" ठेवा, निदान पहिले सहा महिने. माणूस ओळखायचं यूयूआयडी अ‍ॅट्रिब्यूट "ऑब्जेक्टजीयूआयडी" च ठेवा. तिथे युजरनेम किंवा सीएन (नोंदीचं नाव) टाकलेलं दिसलं तर तिथेच थांबा. नाव बदलतं, ओयू बदलतो, ऑब्जेक्टजीयूआयडी बदलत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येऊ.

टोकनमधला "सब" हा क्लेम (माहितीचा तुकडा) म्हणजे त्या माणसाची ओळख. ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या पद्धतीचं मानक २०१४ मध्ये आलं तेव्हापासून त्यात स्पष्ट आहे की माणूस ओळखायचा तो जारी करणारा आणि सब या जोडीवरून, ईमेलवरून नाही. ते बरोबरच आहे. लग्नानंतर आडनाव बदललं की आपल्याकडे ईमेलही बदलतो. म्हणून चांगले डेव्हलपर आपल्या टेबलमध्ये सब साठवतात. पण हा सब डिरेक्टरीतून येत नाही. कीक्लोक माणसाला पहिल्यांदा आयात करतो तेव्हा स्वतः एक नवा आयडी तयार करून आपल्या डेटाबेसात लिहितो, आणि टोकनमध्ये तोच जातो.

लेखा विभागातल्या एखाद्या बाईची नोंद जवळून बघा. युजरनेम: एस-पाटील. एलडॅप-आयडी (म्हणजे डिरेक्टरीतला ऑब्जेक्टजीयूआयडी): ३एफ९बी ने सुरू होणारा. सब: ७सी१ई ने सुरू होणारा. बिलांच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये तिची मंजुरीची सगळी बिलं ७सी१ई च्या नावावर आहेत. एक दिवस सिंक अडकतं. कुणीतरी म्हणतं, "जोडणी डिलीट करून पुन्हा बनव, दोन मिनिटांचं काम." तुम्ही बनवता. सिंक हिरवं होतं, लॉगिन होतं. नोंद पुन्हा बघा: युजरनेम तेच, एलडॅप-आयडी तोच ३एफ९बी, पण सब आता ए०४डी ने सुरू होतो. बिलांच्या अ‍ॅप्लिकेशनला ती आज नव्यानेच रुजू झालेली बाई वाटते. तिची बिलं गायब. आणि हे डिरेक्टरीतल्या प्रत्येक माणसाचं एकाच वेळी झालेलं असतं.

जोडणी डिलीट केली की तिच्यामार्फत आयात झालेले सगळे युजर कीक्लोकमधून जातात. त्यांच्याबरोबर कीक्लोकमध्येच ठेवलेल्या गोष्टीही जातात: हाताने दिलेले रोल, दिलेल्या संमती, मोबाइलवरचे ओटीपी. प्रत्येकाला क्यूआर कोड पुन्हा स्कॅन करायला लावावं लागतं. "सिंक ऑल युजर्स" ज्या मेन्यूत आहे, त्याच मेन्यूत दोन ओळी खाली "रिमूव्ह इम्पोर्टेड" आहे. त्याचा परिणाम तोच. "अनलिंक" ने सब वाचतो, पण माणूस डिरेक्टरीपासून तुटतो आणि त्याचा डिरेक्टरीतला पासवर्ड चालेनासा होतो.

याच खड्ड्यात पडायच्या आणखी वाटा आहेत. "स्टार्ट-डेव्ह" ने चालवलेला कीक्लोक एच२ या छोट्या डेटाबेसच्या फाइलवर चालतो. कंटेनरला व्हॉल्यूम (कायमचा साठा) न जोडता तो उडवला की सगळे सब नवे. "इम्पोर्ट युजर्स" बंद केलं की सब "एफ" ने सुरू होतो आणि त्यात जोडणीचाच आयडी असतो, म्हणजे जोडणी बदलली की तोही बदलला. चाचणीच्या सर्व्हरवरचे सब प्रत्यक्ष सर्व्हरवर कधीच जुळत नाहीत, म्हणून चाचणीचा डेटा तिकडे उचलून नेऊ नका.

तेव्हा जोडणी डिलीट करू नका. होस्ट, बाइंड खातं, युजर डीएन, पासवर्ड हे सगळं आहे त्याच जोडणीत बदलता येतं. मॅपर (कुठली माहिती कुठे जायची हे ठरवणारा नियम) बिघडला असेल तर तेवढा मॅपर बदला. बदल करण्याआधी पोस्टग्रेसचा (कीक्लोकच्या डेटाबेसचा) डंप, म्हणजे पूर्ण प्रत, घ्या. कन्सोलमधून केलेल्या पार्शल एक्सपोर्टमध्ये युजर येत नाहीत, त्याला बॅकअप समजू नका. आणि पहिल्याच दिवशी एलडॅप-आयडी हे अ‍ॅट्रिब्यूट एका वेगळ्या क्लेममध्ये टाकून सगळ्या अ‍ॅप्लिकेशन्सना सबबरोबर तेही साठवायला सांगा. एका मॅपरचं काम आहे, दहा मिनिटं लागत नाहीत.

हे आधीच घडून गेलं असेल तर घाबरू नका, दुरुस्त होतं. जुना डंप एका रिकाम्या डेटाबेसात उघडा. "युजर-एन्टिटी" टेबलमधला आयडी म्हणजे जुना सब, आणि "युजर-अ‍ॅट्रिब्यूट" मध्ये त्याच आयडीसमोर एलडॅप-आयडी असतो. चालू डेटाबेसातूनही अशीच जोडी काढा. एलडॅप-आयडीवर दोन्ही जुळवल्या की जुना सब आणि नवा सब अशी यादी हाती येते. तीवरून प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचं टेबल बदला. काम किचकट आहे, पण दिवसाभरात होतं. डंप आजचाच असेल आणि घटना तासाभरापूर्वीची असेल, तर सरळ डंप परत चढवा.

ग्रुपबद्दल थोडक्यात. एडीतल्या माणसाच्या "मेंबरऑफ" यादीत प्रायमरी ग्रुप येत नाही, आणि ग्रुपातले ग्रुपही येत नाहीत. आतले हवे असतील तर मॅपरमध्ये रिकर्सिव्ह पर्याय निवडा. पण सगळे ग्रुप टोकनमध्ये ओतू नका. शंभर-दीडशे ग्रुप असलेल्या जुन्या कर्मचाऱ्याचं टोकन फुगतं, एनजिनएक्स या वेबसर्व्हरची हेडरच्या एका ओळीची मूळ मर्यादा ८ केबी आहे, आणि नेमक्या वरिष्ठांनाच ४०० चा एरर येतो. ग्रुप मॅपरला फिल्टर लावून कामापुरतेच ग्रुप आणा.

शेवटची तपासणी सोडून गेलेल्या माणसाची. एडीत खातं बंद केलं तरी हातातलं अ‍ॅक्सेस टोकन मुदत संपेपर्यंत चालतं; मूळ सेटिंगमध्ये ती ५ मिनिटं आहे. ती वाढवून आठ तास करायचा आग्रह अ‍ॅप्लिकेशनवाले धरतील, ऐकू नका. रिफ्रेश टोकन (नवं अ‍ॅक्सेस टोकन मिळवून देणारं) त्यासाठीच आहे. त्याशिवाय कीक्लोक युजरची माहिती स्वतःच्या कॅशमध्येही ठेवतो. जोडणीच्या कॅश सेटिंगमध्ये "मॅक्स लाइफस्पॅन" निवडून मिलिसेकंदांत आकडा द्या, दहा मिनिटांसाठी ६०००००. मग एक चाचणी खातं घ्या, त्याने लॉगिन करा, एडीत ते बंद करा आणि घड्याळ लावून बघा की किती मिनिटांनी ते बाहेर फेकलं जातं. तो आकडा सुरक्षा विभागाला लेखी कळवा.