सौर पंपाच्या ड्राइव्हवर डिफरेन्शियल प्रोबने मापन
यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतांवरील सौर पंपांचे ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, तपासताना साध्या प्रोबची (मापनाच्या तारेची) ग्राउंड क्लिप मोटरच्या फेजला कधीही लावू नये, कारण ती ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) आतून अर्थिंगला जोडलेली असते आणि तिच्यातून शॉर्ट सर्किट होते. स्कोपची अर्थिंगची पिन काढून टाकणे तर जिवावर बेतणारे आहे.

दोन टोकांमधील आणि प्रत्येक टोक व अर्थ यांमधील व्होल्टेज सहज पेलणारा डिफरेन्शियल प्रोब, म्हणजे अर्थिंगचा आधार न घेता दोन टोकांमधील फरक मोजणारा प्रोब, निवडावा. ४१५ व्होल्ट थ्रीफेजवर चालणाऱ्या ड्राइव्हची डीसी बस (आतला एकदिश विजेचा टप्पा) सुमारे ५८५ व्होल्टची असते. १०० मेगाहर्ट्झच्या प्रोबचा स्वतःचा राइज टाइम (सिग्नल खालून वर चढायला लागणारा वेळ) सुमारे ३.५ नॅनोसेकंद असल्याने त्याहून वेगवान कडा, म्हणजे व्होल्टेजचे अचानक चढउतार, त्याने मोजू नयेत. प्रोबवरचे व्होल्टेज कमी करण्याचे गुणोत्तर स्कोपवरही तेच ठेवावे आणि दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा.

सर्वांत मोलाची, पण घाईत हमखास वगळली जाणारी पायरी अशी, की पुरवठा बंद करून, डीसी बसचे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री पटल्यावर, प्रोबची दोन्ही टोके एकाच फेजला जोडावीत आणि मगच ड्राइव्ह चालवावा. पडद्यावर सरळ रेषा यायला हवी. तिच्यावर उमटणारे काटे म्हणजे कॉमन मोडची, म्हणजे दोन्ही टोकांवर सारख्याच असलेल्या व्होल्टेजची, गळती होय, कारण फ्रिक्वेन्सी वाढते तसा प्रोबचा सीएमआरआर (हे सारखे व्होल्टेज रोखण्याची क्षमता) घटतो. प्रत्यक्ष मापनातही तेवढा दोष मिसळलेला आहे, असे धरूनच आकडे वाचावेत.