उभ्या गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून

पावसाळ्यात बिळांत पाणी भरलं की उंदीर कोरडी जागा शोधतात, आणि चार-चार दिवस न हललेली गाडी त्यांना आयतीच सापडते. चाकावरून चढून इंजिनात, तिथून समोरच्या काचेखालच्या हवेच्या तोंडातून ब्लोअरमध्ये, मग डॅशबोर्डमागे, असा त्यांचा ठरलेला रस्ता असतो.

तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचा स्प्रे यांवर विसंबू नका. वास उडून जातो, आणि बंद गाडीत गोळ्यांचा वास आपल्यालाच बाधतो. वाट अडवणं हाच टिकणारा उपाय आहे.

पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही छोटा उंदीर आत येतो. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून 5-6 मिमी चौकोनांची लोखंडी गॅल्व्हनाइज्ड जाळी आणा. प्लॅस्टिकची जाळी तो एका रात्रीत कुरतडतो. इंजिन गार असताना वायपरखालचं प्लॅस्टिकचं झाकण काढा. क्लिपा जुन्या असतील तर तुटतात, त्यामुळे जास्तीच्या जवळ ठेवा. हवेचं तोंड मोजून जाळी चारही बाजूंनी 2 सेंमी मोठी कापा, कडा दुमडा आणि बाइंडिंगच्या तारेने पक्की बांधा. वायपरच्या दांड्यांना जाळी अडत नाही ना, ते हात बाजूला ठेवून, वायपर चालवून पाहा. झाकणाखालच्या याच पन्हाळीत पाणी वाहून जाण्याची भोकं असतात. ती झाकली गेली किंवा पानांनी तुंबली तर पावसाचं पाणी थेट पायाशी येतं.

मागच्या बंपरआड हवा बाहेर टाकणाऱ्या रबरी झडपा असतात, त्या बहुतेकांच्या ध्यानातच येत नाहीत. तिथेही जाळीच लावा. झडप पूर्ण बंद केली तर दार लावताना आतली हवा अडते. इंजिनाखालून सगळीकडे जाळी मारायच्या मात्र फंदात पडू नका: उष्णता कोंडते, आणि सुटलेली तार पट्ट्यात किंवा पंख्यात अडकू शकते.

गाडी लावताना इंजिन बंद करण्याआधी हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप मिटते. (काही गाड्यांत ती पुन्हा आपोआप उघडते, एकदा तपासून घ्या.) जागा निवडताना कचराकुंडी, उघडं गटार आणि भिंतीवरचा वेल टाळा. बिस्किटांचा चुरा साफ केलात तर झुरळं-मुंग्याही कमी होतील.

विष घालू नका. उंदीर डॅशबोर्डमागे मेला तर तो काढायला अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो. त्यापेक्षा भिंतीच्या कडेला पिंजरा ठेवा, आत भजं किंवा सुका बोंबील.

लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घालून 1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी असं द्रावण शिंपडा, 5 मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. वायरींच्या जोडांवर मात्र शिंपडू नका, आणि केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी) बदलाच.

चार दिवसांनी गाडी काढताना आधी बॉनेट उघडा. पेट्रोलचा वास आला किंवा इंधनाचा पाइप कुरतडलेला दिसला तर चावी फिरवू नका, मेकॅनिकला जागेवरच बोलवा.