गोधडीच्या शिवणकामाला घरातल्या वस्तूंची साथ

मुंबईतल्या घरात गोधडी शिवायला घेतली की दोन अडचणी हटकून समोर येतात: कापड पसरायला पुरेशी जागा नसते आणि दमट हवेमुळे सुया, टाचण्या लवकर गंजतात. या दोन्हींवर बाजारातल्या महागड्या साधनांपेक्षा घरातल्याच वस्तू अधिक चांगला उपाय करतात, असे माझे ठाम मत आहे. कात्री, सुई आणि दोरा या तीन गोष्टींत मात्र काटकसर करू नये. भुलेश्वर किंवा मंगलदास मार्केटमधून कापड आणताना चांगला सुती दोराही घ्यावा, कारण कच्चा दोरा तुटला की सगळी मेहनत वाया जाते.

सर्वांत जास्त काळजी थर मांडताना घ्यावी लागते. कॉट भिंतीला सरकवून मोकळ्या केलेल्या फरशीवर आधी खालचे कापड उलट्या बाजूने पसरावे आणि त्याच्या कडा फरशीच्या सांध्यांना समांतर ठेवाव्यात. सांध्यांच्या सरळ रेघा आणि काटकोन आयतेच मिळत असल्यामुळे मोठी मोजपट्टी किंवा गुण्या लागत नाही. कापड ताठ राहील पण ताणले जाणार नाही, इतपत ओढून कडांना चिकटपट्टी लावावी. त्यावर जुन्या सुती साड्यांचे थर एकेक करून, प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सपाट करत अंथरावेत आणि शेवटी वरचे जोडकाम, म्हणजे ठिगळे जोडून केलेले कापड, ठेवावे. मग मध्यापासून सुरुवात करून साधारण वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावाव्यात. पिनेचे टोक वर काढताना बोटे दुखतात. त्यासाठी स्टीलच्या चमच्याच्या कडेने टोक उचलून धरले की पीन सहज बंद होते. एवढी जागाही नसेल, तर पडद्याच्या रिकाम्या दांडीवर गोधडी गुंडाळत जावे आणि हातभर भाग उलगडून तेवढाच शिवावा.

रेघा आखण्यासाठी झिजून पातळ झालेली पांढऱ्या साबणाची वडी उत्तम. गडद सुती कापडावर तिची रेघ स्वच्छ उमटते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. रेशमावर मात्र ती वापरू नये. धावदोऱ्याच्या समांतर ओळींसाठी कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवावे, पण ती रात्रभर कापडावर राहू देऊ नये, कारण उकाड्यात तिचा गोंद कापडाला धरतो. ठिगळांचे साचे जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापावेत. पुठ्ठ्याच्या कडा वारंवार आखून झिजतात, तशा फिल्मच्या झिजत नाहीत. गोल हवे असतील तर बांगड्या आहेतच. २-४ मापाच्या बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच आणि २-८ मापाच्या बांगडीचा अडीच इंच असतो. मोठ्या बांगडीच्या आतून कापण्याची रेघ आणि लहान बांगडीच्या आतून दुमडण्याची रेघ काढली, की कडेने दुमडायला सगळीकडे सारखा, इंचाचा आठवा भाग मिळतो.

आता गंजाविषयी. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सुयांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. घरात लहान मुले असतील तर डबा उंचावर असावा. टाचण्या खोवण्याच्या उशीत तारेची घासणी भरण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, परंतु आपल्या हवेत ती तार स्वतःच गंजते, म्हणून तिथे लोकर किंवा सुती चिंध्या भराव्यात. पावसाळ्यात पिना लावलेली गोधडी आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये, कारण गंजाचा डाग सहजासहजी निघत नाही. काम लांबणार असेल तर पिना काढून मोठ्या टाक्यांनी कच्चा धागा घालून ठेवावा.

मशीनवर काम करताना सुईपासून पाव इंचावर, कापड पुढे सरकवणारे दाते झाकले जाणार नाहीत अशा बेताने, चिकटपट्टीचा तुकडा लावला की मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, सगळीकडे सारखे येते. दात्यांखाली साचलेला कापसाचा भुगा जुन्या टूथब्रशने झाडावा. जाड थरांतून हाताची सुई ओढताना ती निसटत असेल, तर फुग्याच्या रबराचा तुकडा बोटाभोवती धरावा. शिवताना दोऱ्याचा गुंता होत असेल, तर दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यावा.

पहिल्यांदा धुण्यापूर्वी गडद ठिगळांवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग उतरतो का ते पाहावे. ओली गोधडी फार जड होते. ती एकाच दोरीवर टाकली तर टाके ताणले जातात, म्हणून छताला टांगलेल्या दोन-तीन दांड्यांवर पसरून वाळवावी आणि पंखा चालू ठेवावा.