युरोपातील ऑनलाइन जुगाराचा परवाना कसा तपासावा

सर्वप्रथम एक समजूत बाजूला ठेवावी लागते, ती म्हणजे ‘युरोपचा परवाना’ नावाची काही गोष्ट असते ही. ऑनलाइन जुगाराबाबत युरोपीय संघाचा एक सामाईक कायदा नाही, संघाची एखादी परवाना देणारी संस्थाही नाही. जुगार चालू द्यायचा की नाही, चालू दिला तर कोणाला आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. संघाच्या करारातील सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन कंपन्यांनी अनेकदा न्यायालयात दाद मागितली. परंतु ग्राहकांचे संरक्षण आणि गुन्हेगारीला आळा ही कारणे खरी असतील आणि धोरणात सुसंगती असेल, तर देशांना निर्बंध घालता येतात, अशीच भूमिका युरोपीय संघाच्या न्यायालयाने घेतली आहे. एका सदस्य देशाचा परवाना दुसऱ्या देशाने मान्य केलाच पाहिजे असे बंधन नाही, हे 2009 साली पोर्तुगालच्या प्रकरणात स्पष्ट झाले.

म्हणून तपासणीचा पहिला प्रश्न ‘कंपनी कुठली?’ हा नसून ‘खेळणारा कोणत्या देशात बसला आहे?’ हा असतो. ब्रिटनचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तेथील 2005 च्या जुगार कायद्यानुसार जिब्राल्टर, माल्टा किंवा आइल ऑफ मॅनसारख्या ठिकाणांहून परवाना घेतलेल्या कंपन्यांना ब्रिटिश ग्राहकांपर्यंत पोहोचता येत असे. नोव्हेंबर 2014 पासून ही वाट बंद झाली, आणि सर्व्हर कुठेही असला तरी ब्रिटनमधील ग्राहकाला सेवा द्यायची असेल तर बर्मिंगहॅमस्थित गॅम्बलिंग कमिशन या नियामक संस्थेचा परवाना अनिवार्य ठरला. त्याचप्रमाणे जर्मनीत राहणाऱ्या माणसाला एखादे संकेतस्थळ केवळ माल्टाचा परवाना दाखवत असेल, तर तो कागद बनावट नसूनही त्या माणसाच्या उपयोगाचा नसतो. कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ बेट नेदरलँड्सच्या राजसत्तेचा भाग आहे. तरीही तेथील परवान्याने नेदरलँड्समध्ये जुगार चालवण्याचा अधिकार मिळत नाही.

देश निश्चित झाला की तेथील पद्धत कोणती, हे पाहावे. नॉर्वेत नोर्स्क टिपिंग आणि घोड्यांच्या शर्यतींसाठी नोर्स्क रिक्सटोटो यांची मक्तेदारी आहे. डेन्मार्कने 2012 मध्ये, स्वीडनने 2019 मध्ये आणि नेदरलँड्सने ऑक्टोबर 2021 मध्ये खाजगी कंपन्यांसाठी परवाना पद्धती खुली केली. या दोन टोकांच्या मधले देश अधिक फसवे आहेत, आणि तेथे विशेष सावध राहावे. फ्रान्समध्ये क्रीडा सामन्यांवरील व घोड्यांच्या शर्यतींवरील पैजा आणि पोकर यांना परवाना मिळतो, परंतु ऑनलाइन रूलेट (फिरत्या चाकावरील खेळ) किंवा स्लॉट (चित्रांची चक्रे फिरवण्याचा खेळ) यांना मिळत नाही. पोलंडमध्ये क्रीडा पैजा खाजगी कंपन्या घेतात, ऑनलाइन कॅसिनो मात्र सरकारी कंपनीकडेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये ज्यांचे प्रत्यक्ष कॅसिनो देशात आहेत, त्यांनाच ऑनलाइन विस्ताराची मुभा मिळते.

आता प्रत्यक्ष पडताळणी. बहुतेक संकेतस्थळांच्या तळाशी नियामक संस्थेचे चिन्ह आणि परवाना क्रमांक असतो. त्या चिन्हावर क्लिक करून समोर आलेल्या पानावर विसंबू नये, कारण चिन्ह उचलून चिकटवणे आणि त्यामागे खोटे पान जोडणे अत्यंत सोपे आहे. नियामक संस्थेचे संकेतस्थळ वेगळ्या खिडकीत स्वतः उघडावे आणि तेथील सार्वजनिक नोंदवहीत शोध घ्यावा. ब्रिटन, माल्टा आणि स्वीडनच्या नियामकांकडे अशी नोंदवही आहे. जर्मनीत हाले शहरातील सामाईक नियामक संस्था अधिकृत चालकांची, म्हणजे जुगार चालवणाऱ्या कंपन्यांची, यादी प्रसिद्ध करते. नोंदवहीत ब्रँडच्या नावापेक्षा डोमेनचा पत्ता अक्षरशः जुळवून पाहावा. एक अक्षर किंवा शेवटचा प्रत्यय वेगळा असला तरी ते दुसरे संकेतस्थळ समजावे. परवाना चालू आहे, निलंबित आहे की परत केलेला आहे, हेही पाहावे. शिवाय परवाना कशाचा आहे ते वाचावे, कारण इतर कंपन्यांना खेळाचे सॉफ्टवेअर पुरवण्याचा परवाना म्हणजे ग्राहकांकडून पैसे घेण्याचा परवाना नव्हे.

माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी याहूनही साधी आहे: त्या देशाचे नियम संकेतस्थळ पाळते का? जर्मनीत 1 जुलै 2021 पासून लागू असलेल्या आंतरराज्य करारानुसार स्लॉटच्या एका फेरीवर 1 युरोपेक्षा अधिक लावता येत नाही, फेरी किमान 5 सेकंदांची असावी लागते, आणि सर्व चालकांकडे मिळून महिन्याला भरायच्या रकमेची मूळ मर्यादा 1,000 युरो आहे. जर्मन परवान्याचा दावा करणारे संकेतस्थळ एका फेरीवर 20 युरो स्वीकारत असेल, तर पुढे तपासण्याची गरज उरत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही, आणि 2025 पासून ऑनलाइन स्लॉटवरील कमाल रक्कम 5 पौंड, तर 18 ते 24 वयोगटासाठी 2 पौंड आहे. स्वीडनमध्ये बोनस फक्त पहिल्यांदा खेळताना देता येतो, त्यामुळे दर आठवड्याला नवा बोनस देणारे संकेतस्थळ स्वीडिश नियमांबाहेरचे आहे हे उघड होते. बेल्जियममध्ये सप्टेंबर 2024 पासून पैजांसाठीही किमान वय 21 वर्षे आहे.

यापुढील बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वतःला जुगारापासून रोखण्याची सोय अनेक देशांनी कायद्याने केलेली आहे: ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपाउस, डेन्मार्कमध्ये रोफुस, नेदरलँड्समध्ये क्रुक्स आणि जर्मनीत ओएसिस. एकदा नाव नोंदवले की त्या देशातील सर्व परवानाधारक ऑनलाइन चालकांना त्या व्यक्तीला प्रवेश नाकारावा लागतो. गॅमस्टॉपमध्ये किमान मुदत सहा महिने आहे आणि ती संपण्यापूर्वी बंदी मागे घेता येत नाही. ही भिंत केवळ परवानाधारकांपुरती असते, आणि नेमके हेच हेरून ‘गॅमस्टॉपमध्ये नसलेली संकेतस्थळे’ अशी जाहिरात केली जाते. थांबण्याचा निर्धार करून नाव नोंदवलेल्या माणसालाच हाक मारणारी ती जाहिरात आहे. ती दिसताच ते पान बंद करावे आणि घरातील कोणी नाव नोंदवले असेल तर त्यालाही याची कल्पना द्यावी.

पैसे भरण्यापूर्वी अटींमधील एक परिच्छेद आवर्जून वाचावा. ब्रिटनमध्ये चालकाचे दिवाळे निघाल्यास ग्राहकांच्या रकमेचे काय होईल, हे त्याने सांगणे बंधनकारक आहे आणि त्याच्या तीन श्रेणी आहेत: संरक्षण नाही, मध्यम संरक्षण आणि उच्च संरक्षण. परवाना असूनही संरक्षण शून्य असू शकते, हे अनेकांना पैसे अडकल्यावरच कळते.

वाद उद्भवल्यास आधी चालकाकडे लेखी तक्रार करावी आणि व्यवहारांच्या नोंदी व संभाषणाच्या प्रती जपून ठेवाव्यात. ब्रिटनमध्ये आठ आठवड्यांत तोडगा न निघाल्यास मान्यताप्राप्त स्वतंत्र लवादाकडे विनाशुल्क जाता येते. गॅम्बलिंग कमिशन स्वतः वैयक्तिक पैशांचे वाद सोडवत नाही. स्थानिक परवाना नसलेल्या कंपनीशी वाद झाल्यास वाट बरीच कठीण होते. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील न्यायालयांनी अशा कंपन्यांना खेळाडूंचे गमावलेले पैसे परत करण्याचे आदेश दिलेले आहेत. परंतु माल्टाने 2023 मध्ये आपल्या गेमिंग कायद्यात दुरुस्ती करून असे परदेशी निकाल माल्टात अमलात आणण्यास आडकाठी केली. या दुरुस्तीविरुद्ध युरोपीय आयोगाने जून 2025 मध्ये माल्टावर कारवाई सुरू केली आहे. निकाल हातात असूनही रक्कम हाती न येण्याचा हा धोका खाते उघडण्यापूर्वीच लक्षात घ्यावा.