कॉलेजमध्ये अवयवदानाची नोंदणी घ्यायचीय? मग घरी फोन लावायचंही प्लॅनमध्ये धरा

ऑगस्ट जवळ आला की एनएसएसची पोरं विचारायला लागतात, अवयवदानाचा कार्यक्रम घेऊया का. घ्याच. ३ ऑगस्ट हा आपल्याकडं अवयवदान दिवस आहे, १९९४ ला ह्याच तारखेला देशात मेंदूमृत, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेल्या दात्याचं हृदय दुसऱ्याला बसवायचं पहिलं ऑपरेशन यशस्वी झालं होतं. पण भाषण, शपथ, ग्रुप फोटो आणि विषय संपला असं करू नका, कारण पोरानं नोंदणी केलेली असली तरी प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा हॉस्पिटल नातेवाइकांनाच विचारतं आणि ते नको म्हणाले की अवयव घेतले जात नाहीत. म्हणजे खरं काम घरात होतं, कॅम्पसवर नाही.

आधी नोंदणी कशी करायची ते बघू. वय १८ पूर्ण पाहिजे, त्यामुळं अकरावी-बारावीच्या पोरांना रांगेत उभं करू नका. नोटो म्हणजे केंद्र सरकारची अवयवदानाची संस्था, तिच्या वेबसाइटवर आधार नंबर टाकायचा, ओटीपी येतो, कुठले अवयव द्यायचेत ते निवडायचं, मग कार्ड डाउनलोड होतं. पैसे लागत नाहीत आणि पुढं मन बदललं तर नोंदणी मागंही घेता येते, हे आवर्जून सांगा, पोरांचं दडपण कमी होतं. इथं एक गोष्ट हमखास आडवी येते, बऱ्याच पोरांचं आधार वडलांच्या मोबाईलला लिंक असतं, ओटीपी जातो तिकडं चंदगडला नाहीतर राधानगरीला आणि पोरगं इथं फोन हातात धरून बसतं. मला वाटतं ही अडचण नाही, संधी आहे. वडलांना फोन करून ओटीपी मागायचा म्हणजे कशासाठी ते सांगावंच लागणार.

म्हणून माझं स्पष्ट मत, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात काय किंवा शहरातल्या कुठल्या कॉलेजात काय, दुपारी सभागृहात गर्दी जमवण्यापेक्षा संध्याकाळी हॉस्टेलवर बसा. केएमटीची बस पकडायची घाई नसते आणि जेवण झाल्यावर पोरं-पोरी घरी फोन करतातच.

फोनवर काय बोलायचं ह्याची जरा तयारी करून घ्या. "आई, मी अवयवदानाचा फॉर्म भरतोय, मला काय झालेलं नाही, पण उद्या तशी वेळ आलीच तर तुम्ही हो म्हणा." आई बहुतेक म्हणणार, तिन्हीसांजेला असलं काय बोलू नगोस. लगेच वाद घालायचा नाही, दोन-चार दिवस जाऊ द्यायचे, मग परत शांतपणे बोलायचं.

घरून जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं मात्र पाठ पाहिजेत. सगळ्यात मोठी भीती म्हणजे डॉक्टर वाचवायचा प्रयत्नच सोडतील. तसं होत नाही, मेंदूमृत ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या होतात आणि अवयव काढणारे-बसवणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. कोमा वेगळा, त्यातनं माणूस बाहेर येऊ शकतो, मेंदूमृत झालेला येत नाही, व्हेंटिलेटरमुळं हृदय थोडा काळ चालू राहतं एवढंच. शरीर नीट शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात, अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात आणि अवयव काढायचा खर्च कुटुंबावर पडत नाही. श्रीमंतालाच मिळणार की, असंही कुणीतरी म्हणतंच, तर कोल्हापूर पुण्याच्या झेडटीसीसीखाली, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या विभागीय समितीखाली येतं आणि अवयव कुणाला जाणार हे तिथल्या वेटिंग लिस्टवरनं, नियमानं ठरतं. एका दात्यामुळं आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतो.

आजी-आजोबांशी बोलताना नेत्रदानापासनं सुरुवात करा. त्याला मेंदूमृत असायची अट नाही, मृत्यू घरी झाला तरी चालतो, चष्मा असला किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. फक्त सहा तासांच्या आत नेत्रपेढीची टीम पोचली पाहिजे, तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि डोकं उशीवर जरा उंच ठेवायचं.

वक्ता बोलवायचा तर अवयव प्रत्यारोपण होणाऱ्या हॉस्पिटलचा कोऑर्डिनेटर बोलवा, नातेवाइकांशी रोज तोच बोलत असतो. अडलं तर नोटोची टोल फ्री लाइन आहे, १८००११४७७०. आणि हजेरी किंवा इंटर्नलचे मार्क ह्याला अजिबात जोडू नका, असली जबरदस्तीची नोंदणी पोरगं घरी सांगतच नाही.

वहीत दोन रकाने करा, नोंदणी झाली आणि घरी सांगितलं. दुसरा रकाना ज्यांचा रिकामा राहील त्यांना दिवाळीच्या सुट्टीआधी एक मेसेज टाका, तेव्हा सगळे घरात एकत्र असतात.