नवीन वर्गखोली मंजूर झालीय? मग पाया खणायच्या आधी एवढं करा

शाळेला खोली मंजूर झाली की आपण मास्तर लोक पेढे वाटतो आणि खोली बघतो ती थेट उद्घाटनाला. मग कळतं की प्लग पॉइंट दाराच्या मागे गेलाय, टीव्हीच्या भिंतीसमोरच खिडकी आहे, दुपारी स्क्रीनवर नुसतं ऊन दिसतं. आमची झेडपीची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग ठरलेलेच, आणि हे सगळं एकदा भोगून झालंय म्हणून दुसऱ्या खोलीच्या वेळी काय केलं ते लिहिते.

आधी आठवडाभर एक वही ठेवा. कुठल्या तासाला कोण कुठे बसलं, खाली की बेंचवर, किती वेळा उठवाउठव झाली, एवढंच लिहायचं. आमच्या वहीत दिसलं की पहिली-दुसरीची पोरं निम्मा दिवस सतरंजीवरच असतात, बेंच लागतो तो तिसरी-चौथीला लिहिताना, आणि खोलीचा सगळ्यात उजेडाचा कोपरा पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांनी अडवलाय! रोज बघत होतो, पण वहीत येईपर्यंत डोक्यात शिरलं नाही.

मग नकाशा मागून घ्या आणि त्यातल्या मापाने मैदानावर फक्कीने खोली आखा, दार-खिडक्यांसकट. आत बेंच, कपाट ठेवा, पोरं बसवा आणि एक तास खरोखर शिकवा. कागदावर ऐसपैस वाटणारी खोली इथे लगेच उघडी पडते. कपाट दाराच्या बाजूला ठेवलं तर दार पूर्ण उघडणार नाही हे चौथीतल्या एका पोराने दाखवलं, आम्ही दोघं शिक्षक आणि इंजिनिअर साहेब नुसते बघत राहिलो.

यातून जे निघेल ते तोंडी सांगू नका, हवेत जातं. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो आणि समितीत 75 टक्के पालक असतात, त्यामुळे समितीचा ठराव घ्या, मागण्या त्यात लिहा, प्रत नकाशाला जोडा. मागण्या चार-पाचच ठेवा. आमच्या होत्या खाली बसलेल्या पोराचा हात पोचेल असा बुटका फळा, दोन भिंतींवर प्लग, धान्याला वेगळी जागा आणि जमिनीवर काहीही कायमचं रंगवायचं नाही.

शेवटच्या मागणीवरून वाद झाला. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) रचनावादी, म्हणजे पोरं स्वतः करून शिकतात अशा, शाळा बघून राज्यभर फरशीवर तक्ते रंगवले गेले, तिथल्या शिक्षकांनी ते स्वतःच्या शिकवण्यातून काढले होते, आपण नुसता रंग आणला. आमच्या जुन्या खोलीत वर्णमाला रंगवली आणि नंतर लोकवर्गणीतून बेंच आले, आता अर्धी मुळाक्षरं बेंचाखाली.

खोली ताब्यात आली की खरं काम सुरू. बेंच हलवायचे तर आधी त्यांचा आवाज कमी करा, लोखंडी पायांना काठीच्या बुडाला लावतात ती रबरी बुचं बसवा, नाहीतर सायकलची जुनी ट्यूब कापून तारेने बांधा. मग बेंचच्या पायांच्या जागी फरशीवर ऑइल पेंटचे छोटे ठिपके द्या (हो, कायमचं रंगवायचं नाही हे मीच म्हटलं होतं, ठिपक्यांपुरती माघार), लाल म्हणजे रांगा, पिवळा म्हणजे गट, निळा म्हणजे गोल. पहिल्या दिवशी मांडामांडीत 10 मिनिटं गेली आणि एकाच्या पायावर बेंच पडता पडता राहिला, म्हणून नियम केला, एका बेंचला दोघं आणि चपला घालूनच. पंधरा दिवसांत दोन मिनिटांवर आलो.

आणि पार्टिशनवर फार भरवसा ठेवू नका. 1960-70 च्या दशकांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये भिंतीच नसलेल्या शाळा बांधल्या, गोंगाटाने वैतागून शिक्षकांनी कपाटं आडवी लावली आणि पुढे बऱ्याच ठिकाणी परत भिंती आल्या. प्लायवूड आवाज अडवत नाही, वेळापत्रक अडवतं. सोमवारी सकाळी सरांबरोबर बसून मी तास जुळवून घेते, माझी कविता तेव्हा त्यांचं लेखन, त्यांचे पाढे तेव्हा माझी चित्रकला. एका मुलीला एका कानाने कमी ऐकू येतं, मांडणी कुठलीही असो, तिचा बेंच ठरलेल्या जागेवरून हलत नाही.

दर तीन महिन्यांनी बघा, कुठली मांडणी वापरलीच जात नाही. आमचा गोल दिवाळीनंतर बंद पडला, निम्म्या पोरांची पाठ फळ्याकडे व्हायची आणि माना दुखायच्या. निळे ठिपके पुसायचे राहिलेत, मधल्या सुट्टीत पोरी त्यावर लंगडी खेळतात.