नाल्यापासून समुद्रापर्यंत : विदर्भातल्या लेकराला समुद्राची ओढ कशी लावाल

मोबाइलवर लाटा दाखवून काही होत नाही. लेकरू दोन मिनिटं बघतं आणि कार्टून मागतं. चार-पाच वर्षांच्या पोराला हात घालता येईल असं काहीतरी लागतं, म्हणून सुरुवात गावच्या नाल्यावरून करा.

पाऊस उघडून पूर ओसरला की, पाणी घोट्याच्या वर नसेल अशा जागी पळसाचं पान सोडा आणि विचारा, "हे कुठं जाईल?" उत्तर तुम्हाला पक्कं माहीत हवं. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. अकोला-अमरावतीकडची पूर्णा तापीला मिळते, तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. बुलढाण्यात तर एकाच जिल्ह्याचे दोन समुद्र: घाटावरची पैनगंगा पूर्वेला जाते, घाटाखालची नळगंगा पश्चिमेला. समुद्र म्हणजे मुंबईच, असं धरून चंद्रपूरच्या लेकरालाही अरबी समुद्र सांगितला जातो, ते टाळा. घरी येऊन अंगणात खडूनं ती नदी काढा, वाटेतली माहितीची गावं पोरालाच मांडू द्या.

मग खारं पाणी. एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण सहा सपाट चमचे बारीक मीठ विरघळवा. समुद्र साधारण एवढाच खारट असतो. बोट बुडवून जिभेला लावू द्या, पिऊ देऊ नका. यात अंडं तरंगतं असं अनेक जण सांगतात, पण ताजं अंडं या पाण्यात बुडतं आणि पोराचा हिरमोड होतो. अंडं तरंगवायचंच असेल तर लिटरला 150 ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं.

लाट बघायला पारदर्शक छोटी बाटली घ्या. अर्धी पाण्यानं भरा, त्यात खायचा निळा रंग चिमूटभर, वर काठोकाठ तेल. हवा राहिली तर फेस होतो, म्हणून झाकण लावण्याआधी तेलाचे शेवटचे थेंब चमच्यानं घाला. बाटली आडवी धरून सावकाश कलवायची. पोट्टे जोरात हलवतातच. मग सगळं गढूळ होतं. तासभर उभी ठेवा, थर पुन्हा वेगळे होतात.

खरा समुद्र बघायला विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई गाठता येते. जून ते सप्टेंबर टाळा. भरती-ओहोटीचा अंदाज घरच्या कॅलेंडरवरून बांधता येतो: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. (पंधरवडा संपला की मोजणी पुन्हा एकपासून.) हा ठोकताळा आहे, तासाभराचा फरक पडतो, किनाऱ्यावर विचारून घ्या.

पोचल्या पोचल्या पाण्यात नेऊ नका. आवाजानंच लेकरू बिचकतं. अर्धा तास कोरड्या वाळूत बसू द्या. पुढे लाट परतताना टाचेखालची वाळू ओढून नेते, चक्कर आल्यासारखं होतं, तेव्हा हात मनगटाशी धरा. पाणी पोराच्या गुडघ्यापर्यंतच. विहिरीत पोहणारं पोट्टं इथं उगाच निर्धास्त असतं. विहिरीचं पाणी ओढत नाही.

शंख उचलला तर आत खेकडा आहे का बघा, असेल तर तिथंच परत ठेवा. येताना अर्धा लिटर समुद्राचं पाणी कपड्यानं गाळून बाटलीत आणा आणि चिनी मातीच्या बशांत थोडं थोडं ओतून उन्हात ठेवा. स्टीलच्या ताटाला मिठानं डाग पडतात. पाणी उडून गेलं की तळाशी मीठ उरेल. ते खायचं नाही, डबीत भरून पोराच्या हवाली करायचं.